क्रमवारी आणि मूल्यविवेक
1975 सालच्या हिंदी चित्रपटांची क्रमवारी लावण्याचा रसिकांचा छंद अद्याप ओसरलेला नाही. ‘दीवार’ वर की ‘शोले’, हा वाद मूल्यमीमांसेचा आव आणतो. निकषांचा मात्र उच्चारही होत नाही. अभिनयाच्या याद्या तर अधिकच भाबड्या. ‘दीवार’मधील पुलाखालच्या प्रसंगात शशी कपूर यांच्या अल्पाक्षरी उत्तराला वजन येते ते अमिताभ बच्चन यांच्या आधीच्या दर्पोक्तीमुळे, सलीम-जावेद यांच्या संवादरचनेमुळे. अशा परस्परावलंबी संहितेतून एकाचा अभिनय सुटा काढून त्याला क्रमांक द्यायचा कसा? (फिल्मफेअरने तो ‘साहाय्यक’ ठरवलाच.) ‘शोले’ला तेथे त्या वर्षी मिळालेला एकमेव पुरस्कार संकलक एम. एस. शिंदे यांचा होता. रसिकांच्या यादीत संकलनाचा रकानाच नसतो. गब्बरची दहशत त्यांना एकट्या अमजद खान यांची निर्मिती वाटते.