पाय ब्रेकवर आहे ना?

टेन्शन आलंय? चल ताडोबाला! सध्या माझ्या ग्रुपमध्ये प्रत्येक प्रॉब्लेमवर हाच उपाय निघतो. चूक नाही, चंद्रपूरच्या जंगलात बॉस नसतो, वाघ असतो.

पण तो वाघ जिप्सीसमोर आला की काय होतं? छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बुबुळांमधल्या बाहुल्या मोठ्या होतात, तळहात घामेजतात, भूक गायब! हा सगळा सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा उद्योग. नावात सिम्पथी असली तरी ही बया सांत्वन करत नाही. ‘लढ नाहीतर पळ’ एवढंच सांगते. पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून तिचे आदेश सुटतात, मदतीला अ‍ॅड्रिनॅलिन. थोडक्यात, अ‍ॅक्सिलरेटर.

वाघ झाडीत शिरला की पॅरासिम्पथेटिक चार्ज घेते. हिच्या नसा मेंदूच्या तळापासून आणि कण्याच्या शेवटच्या भागातून निघतात. त्यातली सगळ्यात वजनदार म्हणजे व्हेगस. नाडी उतरते, लाळ सुटते, पचन सुरू होतं. हा आपला ब्रेक. आणि तो फक्त वाघ गेल्यावरच लागतो असं नाही हं! निवांत बसल्यावर नाडी ७०च्या आसपास राहते, ती व्हेगसने ब्रेक हलका दाबून धरल्यामुळे. तो सोडला तर हृदय मिनिटाला साधारण १०० ठोके मारेल.

ऑफिसातली गोची अशी, की तिथला वाघ जातच नाही. मेल, टार्गेट, अप्रेझल... पाय कायम अ‍ॅक्सिलरेटरवर.

मग जंगलातच राहायला गेलो तर? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग राहतातच की. पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह ‘सर्च’ संस्था उभारणारे, स्वतः डॉक्टर. तरीही १९९५मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. म्हणजे नुसता पत्ता बदलून भागत नाही. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये त्यांनी नंतर बदललेलं रोजचं जगणं मांडलंय: आहार, चालणं, योगासनं, ध्यान.

आपल्यासाठी छोटा फंडा. हृदयाला ऑर्डर सोडता येत नाही, श्वासाला येते. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते, कारण तेव्हा व्हेगसचा जोर वाढतो. म्हणून मीटिंगआधी दोन मिनिटं श्वास अगदी सावकाश सोडत बसा. छातीत दुखत असेल तर मात्र श्वास मोजू नका, थेट डॉक्टर गाठा. बाकी दिवशी हा ब्रेक फुकट आहे, आणि त्यासाठी रजाही टाकावी लागत नाही!