पहिले बेचाळीस दिवस

२०२० च्या टाळेबंदीत नंदुरबार जिल्ह्यातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवीत दूरच्या पाड्यांवरील गर्भवती व अर्भकांपर्यंत आहार पोहोचवीत असत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तथापि जी व्यवस्था एका स्त्रीच्या बाहुबळावर तगते, तिची तजवीज सरकारदरबारी कायमची झालीच पाहिजे. आहाराप्रमाणेच नवजाताची शुश्रूषाही घरोघरी जाऊन करता येते व त्यायोगे बालमृत्यू घटतात, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सप्रमाण सिद्ध केले. आज प्रसूती घरी झाल्यास आशाताईने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावी असा दंडक आहे.

नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबांनी गर्भारपणाच्या सातव्या महिन्यापासूनच वाहन, सोबत व धुतलेले सुती कपडे यांची तयारी ठेवावी. जन्मताच बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी धरावे, पहिल्या तासातच चीक पाजावा. मध, गूळपाणी वा गुटी कदापि देऊ नये. पहिली आंघोळ लांबली तर काहीच बिघडत नाही, परंतु अंग गार पडले, दूध ओढणे थांबले किंवा श्वासागणिक छाती आत जाऊ लागली, तर भगताकडे रात्र न दवडता तत्काळ दवाखाना गाठावा. मात्र, दवाखाना गाठण्यासाठी वाट हवी. म्हणून पावसाळ्यापूर्वीच नदीकाठच्या प्रत्येक पाड्यासाठी होडी, नावाडी व इंधन यांचा लेखी बंदोबस्त जिल्हा परिषदेने करावा आणि त्यात हयगय करणाऱ्यास जाब विचारावा.