कुझ्माची आई आणि आमचे व्युत्पत्तिपंडित

रशियन वाक्प्रचारांचे 'मूळ' सांगणाऱ्या लेखांचे हल्ली अमाप पीक आले आहे. प्रत्येक शब्दामागे एक गोड गोष्ट. आणि गोष्ट संपली की अर्थ कळला, असा वाचकांचा समज! हा समज आम्हांला मुळीच मान्य नाही.

१९५९ च्या जुलैत मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेचे प्रदर्शन भरले होते. तेथे उपाध्यक्ष निक्सन यांच्याशी हुज्जत घालताना ख्रुश्चेव्ह म्हणाले, 'तुम्हांला कुझ्माची आई दाखवू!' दुभाष्याने शब्दाला शब्द ठेवला, आणि ही बाई कोण या विचाराने पाहुणे चक्रावले. अण्वस्त्रे बाळगून बसलेल्या दोन राष्ट्रांमधली ही धमकी! तिचा अर्थ सरळ होता: 'इंगा दाखवू'. आता पंडित धावून येतात. एक म्हणतो, 'कुझ्का' हा पिकावरचा किडा. दुसरा म्हणतो, ती आई म्हणजे घरात वावरणारी भुताटकी. दोघेही बरोबर असतील, तरी दुभाष्याचे काय भले झाले असते? 'इंगा दाखवतो' असे बजावणाऱ्या आपल्या मास्तरांना तरी इंगा ही काय वस्तू आहे, हे कोठे ठाऊक असते? पोरांची मात्र गाळण उडते.

अर्थात, मुळांशी आमचे वैर नाही. 'पोल्ताव्याच्या स्वीडासारखा गारद झाला' हे समजण्यासाठी १७०९ साली पीटरने स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सचा केलेला धुव्वा सांगावाच लागतो. १७६१ वाचून आपले 'पानिपत' तरी कोणाला कळेल? आणि 'बाह्या सोडून काम करणे' म्हणजे निष्काळजीपणे करणे. जुन्या रशियन अंगरख्याच्या बाह्या हातांहून लांब असत, एवढे सांगितले की बाह्या सरसावणाऱ्या मराठी माणसाला टीप नको.

पण परीक्षेला निघालेल्या मुलाला रशियन माणूस म्हणतो, 'ना लव, ना पीस!' म्हणजे ना श्वापद मिळो, ना पाखरू. दृष्ट लागू नये म्हणून शिकाऱ्याला दिलेला हा उलटा आशीर्वाद. त्यावर मुलाने 'जा सैतानाकडे!' असेच म्हणायचे. आभार मानायचे नाहीत. आमचे भाषांतरकार येथे एकतर 'यशस्वी हो' असे गुळमुळीत लिहितात, नाहीतर पिसे मोजत बसतात. अहो, तुमच्याच घरी आजी जाताना 'येते' म्हणते, फुटलेली बांगडी 'वाढवली' म्हणते आणि दिवाही 'वाढवते'. उद्या एखाद्या रशियन पंडिताने 'आजीने ज्योत मोठी केली' असे भाषांतर केले, तर यंदाचा फराळ सोडून त्याला पत्र लिहायला पहिले तुम्हीच बसाल!