गोगलगायीचा शंख आणि चुन्याची डबी



पाऊस सुरू झाला की माझ्या टपालात लोणच्यावरची बुरशी, न वाळणारे कपडे आणि भिंतीची ओल, हेच विषय असतात. या वेळी मात्र कुडाळच्या एका भगिनीने वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, "ताई, हसू नका. माझ्या दुसरीतल्या मुलाने परसातली गोगलगाय प्लॅस्टिकच्या डब्यात पाळली आहे. सासूबाईंना किळस येते, हे म्हणतात फेकून दे. पण पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी डब्याशी जातो. गेल्या महिन्यापासून तिचा शंख पांढुरका पडलाय, कडेला पापडासारखा तुटतोय. तो रोज विचारतो, आई, ती मरेल का? मी काय सांगू?"

हसणार कशाला? पोटच्या पोराच्या डोळ्यांत पाणी असेल तर प्रश्न गोगलगायीचा असो की गायीचा, आईला सारखाच. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती पुढे सांगते. आधी शंखाचं बघू.

"गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण आपण माणसांना लावतो, पण गोगलगायीचं सगळं बळ पाठीवर असतं. हा शंख मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच असतो. त्यात थोडं प्रथिन आणि वरून तपकिरी रंगाचं पातळ साल. तो वाढतो फक्त तोंडाच्या कडेला. गोगलगायीच्या अंगाची एक मऊ झालर तिथे थोडा थोडा नवा थर घालत जाते. स्वेटर विणताना नवी ओळ सुईवरच पडते ना, तसंच. म्हणून टोकाचा भाग सर्वांत जुना आणि तोंडाची कड सर्वांत नवी. वाढत्या गोगलगायीची ही कड जरा पातळ असायचीच, तेवढ्याने घाबरू नका. पण कड सारखी तुटते आहे, शंखावर खड्डे पडलेत, साल निघून पांढरे चट्टे दिसतात, वाढ थांबली आहे, किंवा डब्यात दोन गोगलगायी असतील तर एक दुसरीचा शंख खरवडते आहे, असं दिसलं तर बहुधा तिला कॅल्शिअम कमी पडतं आहे असं समजा.

आता कुडाळलाच असं का व्हावं? गोगलगाय कॅल्शिअम घेते ते खाण्यातून आणि मातीतून. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. कोकणातली जांभ्याची तांबडी माती मात्र पावसाने धुऊन निघालेली आणि आंबट. तिच्यात चुना फारच कमी. बाहेर मोकळी असताना गोगलगाय घराच्या भिंतीचा गिलावा, चुन्याची सफेदी चाटून गरज भागवते. पावसाळ्यात रंग दिलेल्या भिंतीवर तिच्या चाटण्याच्या नागमोडी रेघा तुम्ही पाहिल्या असतील. डब्यात कोंडली की हे सगळं बंद! नुसती काकडी खाऊन शंख कुठून येणार?

आता माझी चूक. माझी लेक लहान असताना तिने अशीच एक गोगलगाय पाळली होती. शंख तुटायला लागला. मी स्वतःला शहाणी समजणारी. म्हटलं, शंख चुन्याचा, तर चुनाच देऊ. सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला बोटभर चुना काकडीच्या फोडीला लावला आणि ठेवला. सकाळी बघते तर फेसाचा गोळा आणि त्यात ती मेलेली. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस ना?" ते वाक्य आजही आठवतं.

नंतर समजलं ते असं. चुनखडी निरुपद्रवी. पण तीच भट्टीत भाजून पाण्यात विरवली की पानाचा चुना होतो, आणि तो दाहक असतो. आपल्या जिभेला पानाबरोबर किंचित चालतो, पण गोगलगायीचं सगळं अंग म्हणजे उघडी ओली त्वचा. तिला तो भाजतो. तेव्हा पानाचा चुना किंवा सफेदीचा चुना कधीही घालू नका. आणि मीठही नाही. मिठाने तिच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि ती मरते. म्हणून ताटातलं उरलंसुरलं तिला देऊ नये.

मग द्यावं काय? घरातल्याच वस्तू आहेत.

अंड्याची टरफलं : धुऊन आतला पापुद्रा काढा. दहा मिनिटं पाण्यात उकळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि बारीक पूड करा. त्यासाठी जुना खलबत्ता वेगळा ठेवा, रोजचा वापरू नका.

तिसऱ्यांच्या शिंपल्या : कोकणात यांना काय तोटा! त्याही अशाच उकळून, वाळवून, कुटून घ्या. मात्र चुलीच्या निखाऱ्यात टाकू नका. शिंपल्या भाजूनच पूर्वी चुना काढत असत.

समुद्रफेन : ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना प्रश्न पडेल. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. हे म्हाकुलाच्या पाठीचं पांढरं, हलकं हाड. पोपटाच्या पिंजऱ्यालाही तेच अडकवतात. तसाच तुकडा डब्यात ठेवला की गोगलगाय हवा तेवढा खरवडून खाते. (सोवळ्याच्या घरात ते हाड आहे हे मोठ्यांदा सांगायची गरज नाही!)

चुनखडीचा खडा : काहीच आणायचं नसेल तर हा उत्तम. पांढरा खडा चुनखडीचा की गारेचा हे ओळखायचं असेल तर त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. फसफसला तर चुनखडी. गारगोटी ढिम्म हलत नाही. मग खडा स्वच्छ धुऊन ठेवा.

फळ्यावरचा खडू देऊ नका. तो पुष्कळदा जिप्समचा असतो. रंगीत रांगोळी, दंतमंजन, आपल्या कॅल्शिअमच्या गोळ्या यांतलंही काही नको.

मापाची काळजी करू नका. बाटलीच्या झाकणात पूड भरून कायम डब्यात ठेवा. गरजेपुरतं ती खाते. ओली होऊन घाण झाली की बदला. पिल्लांना आणि अंडी घालणारीला याची गरज जास्त. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की स्वतःच्याच अंड्याचं कवच आधी खातं, यावरून ओळखा.

खाण्यात काकडी, दोडका, दुधी, कोबीचं पान द्या. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शिअम अंगी लागत नाही. लिंबू-संत्र्याची सालं डब्यात टाकू नका. खड्याचं झालं तेच आंबटाने शंखाचं होतं. तळाशी दोन-तीन इंच खत न घातलेली ओलसर माती असावी, चिखल नको. झाकणाला भोकं पाडा. डबा कोरडा पडला तर ती तोंडावर पापुद्रा ओढून आत जाऊन बसते, आणि मग वाढही थांबते.

शंखाला धरून ओढून उचलू नये, नवी कड तुटते. बोट ओलं करून हळूच पोटाखाली सरकवावं. शंखाला बारीक चीर गेली तर ती आतून थर घालून स्वतःच सांधते. गोंद, नेलपॉलिश असले उपाय करू नका. आणि मुलाला एक खरं सांगून ठेवा. जुने खड्डे, पांढरे चट्टे जाणार नाहीत. पण काही आठवड्यांत तोंडाशी नवी, घट्ट, तपकिरी कड दिसली, तर तिला लागलं आहे असं समजायचं.

सासूबाईंची किळस मात्र अगदीच चुकीची नाही. गोगलगायीच्या अंगात उंदरांकडून आलेले सूक्ष्म जंत असू शकतात आणि ते माणसाच्या पोटात गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून हात लावला की साबणाने धुवायचे, तोंडाजवळ न्यायची नाही, डबा ओट्यावर किंवा मोरीत धुवायचा नाही. भाजी नळाखाली नीट धुवायची, ती तर नेहमीचीच.

आणखी एक. परसात दिसणारी मोठी तपकिरी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने ती मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली, आणि आज ती शेताबागांना छळते आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडच्या कोवळ्या सोयाबीनचा गोगलगायींनी कसा फडशा पाडला, ते आपण वाचलंच आहे. तेव्हा पाळायची तर एकच पाळा. तरीही ती एका वेळी शंभरावर अंडी घालू शकते. साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळट अंडी मातीत दिसली की उकळत्या पाण्यात टाकून मगच फेका. कंटाळा आला म्हणून दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या बागेत कधीही सोडू नका.

तेव्हा कुडाळच्या भगिनी, मुलाला सांगा, "मरेल की नाही हे मला ठाऊक नाही, पण तिला काय हवंय ते आता आपल्याला ठाऊक आहे." टरफलं कुटायचं काम त्यालाच द्या. रडणारं मूल कामाला लागलं की निम्मं दुःख तिथेच उतरतं.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत, "हल्ली माझीही कंबर धरते, पण ते असू द्या." ते असू देऊ नका. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला आपल्या हाडांची आठवण सर्वांत शेवटी येते. बाईला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी वाटीभर दही, रात्री सगळ्यांना दूध देताना आपल्यासाठीही एक कप. आणि कंबर थांबेना तर डॉक्टरांना दाखवा. गोगलगायीच्या डब्यात झाकण भरून ठेवाल, तसं स्वतःच्या ताटातही काही वाढून घ्या.

नवी कड दिसली की मला जरूर कळवा. कमरेचंही कळवा.