हिमालयात जायचंय? आधी महिना ठरवा

सातारा-सांगलीकडच्या घरांत हिमालयाची सहल बहुतेक वेळा मे महिन्यातच ठरते. मुलांना सुट्टी असते, गावच्या जत्रा पार पडलेल्या असतात, उन्हानं जीव नकोसा झालेला असतो. पण त्याच महिन्यात अर्धा देश तिकडे निघालेला असतो. मनालीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, केदारनाथच्या वाटेवर खेचरं, डोल्या आणि माणसांची दाटी, साध्या खोलीचा भाडेदर दुप्पट. घरातली वृद्ध माणसं या गर्दीत सर्वांत जास्त सोसतात, आणि आयुष्यात एकदा घडणारी यात्रा दमणुकीत संपते.

म्हणून कळकळीची विनंती आहे. तारीख सुट्टीवरून ठरवू नका. आपण कशासाठी जातोय आणि सोबत कोण आहे, हे आधी ठरवा. महिना त्यावरून आपोआप ठरतो. आणि मुलांच्या शाळेची अडचण नसेल, तर बहुतेकांसाठी तो महिना मे नसून सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य असा निघतो.

असं का, ते समजायला आपल्याला दूर जावं लागत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणदेशात कसाबसा पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, पलीकडचा मुलूख पर्जन्यछायेत कोरडा राहतो. हिमालयातही हेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. कुलू-मनाली, गढवाल, कुमाऊँ ही ढगांच्या वाटेवरची बाजू. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दरडी कोसळतात, नद्या रस्ते खातात. 16 आणि 17 जून 2013 ला केदारनाथमध्ये जे झालं ते देश विसरलेला नाही. जुलै 2023 मध्ये बियास नदीनं कुलू-मनालीचे रस्ते वाहून नेले. जुलै 2021 च्या अतिवृष्टीनंतर आंबेनळी घाटाची काय दशा झाली, हे आपण पाहिलंय. भर पावसात रात्री घाट चढू नये, हे आपल्याकडे पोरालाही कळतं. तीच अक्कल तिकडे जाताना घरी ठेवून जाऊ नका.

लडाख आणि स्पिती मात्र हिमालयाचा माणदेश आहेत. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे बाकी हिमालय चिंब असतो तेव्हा लडाखमध्ये सहसा ऊन असतं. ऑगस्ट 2010 मध्ये लेहलाही ढगफुटी झाली होती, तेव्हा अगदीच निर्धास्त राहू नका. पण जुलै-ऑगस्टमध्येच जाणं शक्य असेल, तर मनाली किंवा केदारनाथपेक्षा लडाख बरा. पावसाळ्यात मनालीचा रस्ता धरू नका, विमानानं लेह गाठा.

आता आपल्या शेताकडे वळू. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी सोडता येत नाही. पुढे जानेवारीपासून द्राक्ष आणि बेदाण्याची धांदल. म्हणजे त्याला थोडी उसंत मिळते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्याच वेळी लडाखची वाट खुली असते. फवारणी सांभाळणारा भरवशाचा माणूस मागे ठेवला, की आठ-दहा दिवस निघता येतं. ऊसवाल्याचं गणित वेगळं. कारखान्याचं धुराडं पेटलं की तोडणीची टोळी, ट्रॅक्टर, वजनकाटा यातच तो अडकतो. त्याच्यासाठी गणपती उठल्यानंतरचे आणि गळीत हंगाम सुरू होण्याआधीचे दिवस सर्वांत मोकळे. नेमके त्याच दिवसांत हिमालय सर्वांत चांगला असतो. मान्सून उत्तरेतून माघारी फिरलेला, हवा धुऊन निघालेली, शिखरं स्पष्ट दिसतात, नद्यांचं पाणी उतरलेलं, आणि मे महिन्याची गर्दी ओसरलेली. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेपर्यंत उघडे असतात, तेव्हा दर्शनही चुकत नाही. पितृपक्षात निघायला काही घरं कचरतात. ज्यांना मानायचं त्यांनी आपल्या घरची तिथी करून मग निघावं. त्या पंधरवड्यात गाड्या आणि खोल्या तुलनेनं सहज मिळतात.

ज्यांच्या घरात शाळेची मुलं आहेत त्यांना सुट्टीशिवाय पर्याय नसतो, हे मान्य. त्यांनी मे महिन्यात चारधामऐवजी काश्मीर निवडावं, किंवा कुमाऊँतली कौसानीसारखी शांत गावं. दिवाळीच्या सुट्टीत काश्मीरला चिनारची पानं तांबडी होत असतात. श्रीनगरमध्ये रात्री गारठा जाणवतो, पण दिवसा फिरता येतं. ट्यूलिपची बाग पाहायची असेल तर ती मार्चअखेरीपासून साधारण महिनाभरच उघडी असते, त्यासाठी मे उशिराचा ठरतो.

आणि बर्फ? बर्फाची हौस रास्त आहे. आपण वेण्णा तलावाकाठी गवतावर गोठलेलं दव बघायला पहाटे गाडी काढणारी माणसं. पण खरा हिवाळा वेगळा असतो. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. श्रीनगरचं रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, नळ गोठतात, दल सरोवराच्या काठावर बर्फ धरतो. लेहमध्ये तर उणे पंधरा ही नेहमीची गोष्ट. गुलमर्गला तरुण मंडळींनी जानेवारी-फेब्रुवारीत जरूर जावं. सत्तरीच्या आई-वडिलांना मात्र या दिवसांत नेऊ नका. याच दिवसांत उत्तरेच्या मैदानावर दाट धुकं उतरतं, गाड्या तासन्‌तास रखडतात, विमानं रद्द होतात. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवलाच पाहिजे.

हिवाळ्यातला आणखी एक धोका जिवाशी खेळणारा आहे. थंडी वाजते म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडी असेल तर झोपण्यापूर्वी ती बाहेर काढा, खिडकी थोडी उघडी ठेवा. हे बजावून सांगतो.

थंडीइतकीच काळजी उंचीची घ्यावी लागते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, केदारनाथ आणि लेह साडेअकरा हजारांवर. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या मानानं प्राणवायू सुमारे एक-तृतीयांशानं कमी मिळतो. विमानानं लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही करू नका. झोपा, पाणी प्या, अंगणात फिरा. डोकं दुखणं, उलटी, धाप ही लक्षणं वाढत गेली तर पुढे न जाता खाली उतरा. तेवढाच खरा उपाय. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. तिकीट काढल्यावर विचारलं तर मन आधीच गेलेलं असतं, सल्ला कानावर पडत नाही.

तयारी घरापासून सुरू करा. गौरीकुंडापासून केदारनाथची वाट 16-18 किलोमीटर चढाची आहे. साताऱ्यातल्यांनी अजिंक्यतारा किंवा सज्जनगड, मिरजेकडच्यांनी दंडोबाचा डोंगर महिनाभर आधीपासून चढून पाहावा. आईला सज्जनगडाच्या पायऱ्यांवर चार ठिकाणी बसावं लागत असेल, तर केदारनाथला काय करायचं ते घरीच ठरवता येईल. कपड्यांत सुती बनियन अंगाला लागून घालू नका, ते घाम धरून गार पडतं. अंगाला लागून थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट, आणि माकडटोपी. मोज्यांचे जादा जोड हाताशी ठेवा. ओल्या पायांनी माणूस सर्वांत लवकर गारठतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं. मिरज, सांगली, साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला जायचं असेल, तर 20 सप्टेंबरच्या प्रवासासाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातच तयार राहायला हवं. चारधामसाठी उत्तराखंड सरकारकडे नोंदणी सक्तीची आहे, तीही आधी करा.

टूरवाल्याचं पत्रक वाचण्यापूर्वी आपल्या माणसांना विचारा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली. लडाख-काश्मीरमध्ये नोकरी काढलेला माजी सैनिक तुमच्या भावकीत नसेल तर शेजारच्या आळीत असेल. विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले बांधव सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत, उत्तरेतल्या शहरांतही राहतात. त्यांना एक फोन करून विचारा: या महिन्यात तिकडे हवा कशी असते, रस्ता चालू असतो का, वयस्कर माणूस टिकेल का? ते तुम्हाला काही विकायला बसलेले नसतात, जे आहे ते सांगतात.

हिमालय बघण्याची इच्छा आपल्याकडच्या कितीतरी आयाबायांनी आयुष्यभर मनात ठेवलेली असते. शेत, जनावरं, मुलांची शिक्षणं, सुनांची बाळंतपणं यांत ती मागे पडत जाते. ती पुरी करायची, तर त्यांच्या पायांना आणि श्वासाला झेपेल अशीच पुरी करायला हवी. तेव्हा या रविवारी सगळे घरी असताना कॅलेंडर समोर घ्या. कशासाठी जायचं, सर्वांत नाजूक तब्येत कुणाची आणि शेतातून कधी सुटता येतं, हे आधी बोला. या तिन्हींत बसणारा महिना निवडा. टूरवाल्याला फोन त्यानंतर.