कामाशिवाय मालेगाव

नामपूरहून मालेगाव एसटीने तासाभराचे. लग्नाचे कापड, दवाखाना, मय्यत, सगळ्याला आपण तिथेच जातो. म्हणून अम्मी (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "एकदा काही काम नसताना मालेगावला जाऊ," तेव्हा घरात सगळे हसले. आमचे हे म्हणाले, "फिरायला? मालेगावला?" अम्मी हसल्या नाहीत. गेल्या वर्षी अब्बांच्या आजारपणात तिथल्या दवाखान्याच्या बाकावर त्यांनी एकोणीस दिवस काढले होते. मालेगाव म्हटले की त्यांना तो बाकच दिसे.

रविवारी सकाळी निघालो: अम्मी, मी आणि सहावीतली माझी लेक. आम्हा तिघींनाही अर्धेच तिकीट. डब्यात पराठे, आंब्याचे लोणचे, आणि पिशवीत जानमाज.

मोसम पुलाजवळ उतरून किल्ल्याकडे गेलो. इतक्या वर्षांत मी तो रिक्षातूनच पाहिला होता. नारो शंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधलेला हा भुईकोट. आता त्यात शाळा भरते, आणि तटाला घरे-दुकाने अगदी चिकटून बसली आहेत.

लेकीला मी १८१८ ची गोष्ट सांगितली. पेशवाई बुडाली होती. किल्ल्याचे मालक तो इंग्रजांना द्यायला तयार होते, पण आतल्या अरब शिपायांनी ऐकले नाही. मे महिन्यात कर्नल मॅकडॉवेलने वेढा घातला. मूठभर अरबांनी तो जवळजवळ महिनाभर रोखला. शेवटी दारूच्या कोठारात स्फोट होऊन तट ढासळला, तेव्हा ते शरण आले. आधी मात्र त्यांनी लेखी कागद मागितला. तो मराठीत लिहिला गेला, आणि इंग्रजांच्या मनात होते त्याहून जास्त त्यात कबूल केले गेले: जखमींची देखभाल, मायदेशी पोचेपर्यंत काही कमी पडू न देणे. पुढे वाद झाला, पण एल्फिन्स्टनने अरबांनी लावलेला अर्थच मान्य केला. लेक म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्याच्या चुकीने ते वाचले?" मी म्हटले, चूक असो, दिलेला शब्द पाळला गेला. अम्मी मात्र विचारत होत्या, "त्या बिचाऱ्यांच्या आया तिकडे वाट बघत असतील ना?" इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न कुठे असतो!

कुरआनात ठिकठिकाणी जमिनीवर फिरून पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्यास सांगितले आहे. आपण बायका मात्र लग्न आणि मय्यत एवढाच प्रवास धरून बसतो. खर्चाचे कारण सांगतो, पण भगिनींनो, आमच्या त्या दिवसाचा खर्च एका साध्या ओढणीएवढाही झाला नाही.

जोहरला अडचण आली. बायकांना नमाजला जागा विचारत दोन ठिकाणी फिरलो. शेवटी एका मोमीन घरातल्या बाईने ओळख नसताना आत बोलावले. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांपैकी त्यांचे घराणे. शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटात सजदा केला. वर त्यांनी चहा पाजला.

परतताना अम्मी पुलावर थांबल्या. खाली काळे पाणी, प्लास्टिक, वास. त्यांनी कठड्याला हात टेकून बराच वेळ पाहिले. नामपूरला सून म्हणून आल्या तेव्हा त्या याच मोसमवर धुणे धूत.

"ये अपनीच नदी है?"

"हो अम्मी. पुढे गिरणेला मिळते."

त्या काही बोलल्या नाहीत. एसटीत बसल्यावर लेकीला म्हणाल्या, "ही येते कुठून गं?" ती म्हणाली, साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातून, वाटेत हरणबारीचे धरण आहे.

घरी पोचल्यावर आमच्या ह्यांनी विचारले, "झाले फिरून?" अम्मींनी बुरखा घडी करता करता उलट विचारले, मुल्हेरची गाडी किती वाजता असते?