अंगावरून जाणे : लाजेपायी किती दिवस सोसायचे?

आयाबायांनो, सोयाबीनच्या सोंगणीत मधूनच कंबर धरून बसणारी बाई तुमच्या ओळखीची असेल. "कंबर भरून आली" एवढेच ती म्हणते आणि पुन्हा विळा उचलते. अंगावरून पांढरे जाते, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. कोणी याला धुपणी म्हणते. हाडे झिजून जातात असाही समज आहे. तो खोटा आहे. हाडांचा याच्याशी संबंध नाही.

हे दुखणे किती घरांत आहे, ते आपल्या विदर्भातच दिसून आले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिचा अहवाल छापून आला. १०० पैकी ९२ जणींना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा किंवा पाळीचा काही ना काही विकार होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८! बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढेच धरून चालणाऱ्या जगाला तेव्हा कळले की खेड्यातली बाई मुकाट्याने काय सोसते.

आता, प्रत्येक पांढरे जाणे रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणी पातळ, बिनवासाचे पाणी जाते. त्याला औषध नको. दह्याच्या कवडीसारखे जाऊन खूप खाज सुटली तर ती बुरशी. योनीत ठेवायच्या गोळ्यांनी ती जाते. पण वरचेवर होत असेल तर रक्तातली साखर तपासा, मधुमेहात असे होते. पिवळे-हिरवे, फेसाळ, घाण वासाचे जात असेल तर जंतूंचा संसर्ग समजा. त्यातला एक प्रकार संबंधातून पसरतो. तेव्हा औषध नवऱ्यानेही घ्यायचे. "मला काय झालंय?" म्हणून तो टाळतो आणि बायकोचे दुखणे महिन्याभरात परत येते. घरोघरी हेच घडते!

ओटीपोट दुखून ताप आला तर मात्र थांबू नका. संसर्ग वर गर्भाशयात आणि नळ्यांत गेलेला असू शकतो. पुढे मूल राहायला अडचण येते.

आणखी एक. पांढरे जाते म्हणून कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. नुसत्या संसर्गाला गोळ्या पुरतात. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा बोभाटा २०१९ साली झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणे, या खुणा असतील तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग अशाच खुणांनी कळतो. तिशीनंतर, काही त्रास नसला तरी, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घेता येते. औषध लावून डोळ्यांनी पाहतात, काही मिनिटांत होते.

वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जा की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आशाताईंना आधी विचारा. जाण्याआधी आतून धुऊ नका, तुरटी वगैरे काही ठेवू नका. शेवटच्या पाळीची तारीख लक्षात ठेवा आणि दिवस गेल्याची शंका असेल तर औषध घेण्यापूर्वीच सांगा.